मॅचबुक काड्यांसकट मागवू नका

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानातल्या आठवणवस्तू, म्हणजे केनेडींच्या विमानातलं म्हणून विकलेलं, ‘स्पिरिट ऑफ ’७६’ हे विमानाचं नाव छापलेलं मॅचबुक (पुठ्ठ्याच्या घडीत पिनेने अडकवलेल्या काड्या), पत्त्यांचा कॅट आणि रेगन यांच्या सहीची एम अँड एम्स या चॉकलेटच्या गोळ्यांची डबी असं सगळं अमेरिकेहून एकाच पार्सलात मागवलंत आणि ते तीन आठवडे अडकलंय, हे वाचलं. ही चूक माझीही झालेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पार्सलाचं. मॅचबुकात काड्या आहेत का, हे विक्रेत्याला आजच विचारा. काडेपेटी कितीही जुनी असली तरी ती ज्वलनशील वस्तूच असते, आणि अमेरिकेच्या टपालातून परदेशात काड्या पाठवायला बंदी आहे. विक्रेते बिनधास्त ‘जुने कागद’ असं लिहून पाठवतात. माझं पार्सल असंच उघडलं गेलं. काड्या काढून टाका पण पुठ्ठे तरी द्या, असं ते जिथे उघडलं त्या कार्यालयाला चार वेळा लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं, ‘नष्ट केले’. सोबतचे पत्ते आणि नॅपकिनही त्यातच गेले, ज्यांचा आगीशी काही संबंध नव्हता! म्हणून मॅचबुक कधीही बाकीच्या वस्तूंबरोबर मागवू नका.

विक्रेत्याकडून काड्या आधीच काढून घ्या. खालच्या पिनेचे वळवलेले पाय पातळ सुरीच्या टोकाने सरळ करायचे, पिन ओढून काढायची, की काड्यांचा जुडगा अख्खा सुटतो. पुठ्ठा ओढायचा नाही, घडीवर फाटतो. मग टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवायचा. काड्या काढल्यावर किंमत घटते असं काही संग्राहक म्हणतात, ते खरं आहे. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात पिन गंजते आणि तो डाग छपाईत उतरतो, त्यामुळे माझं मत काढण्याच्याच बाजूने.

आता खरेपणा. ‘स्पिरिट ऑफ ’७६’ हे नाव विमानाला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये दिलं. केनेडी १९६३ मध्ये गेले. त्यामुळे विक्रेत्याचा दावा तिथेच संपतो, वस्तू मात्र निक्सन काळातली खरी असू शकते. काडी घासायची पट्टी कुठे आहे तेही पाहा. अमेरिकेत ती १९७० च्या दशकात पुढून मागे गेली, १९७८ पासून तर नियमच झाला. साठच्या दशकातलं म्हणून मागे पट्टी असलेलं कोणी विकत असेल तर हात लावू नका.

वस्तूवर छापलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या मोहरेवर, म्हणजे गरुडाच्या अधिकृत चिन्हावर, दहापट भिंग धरा. गरुडाभोवतीचे तारे १९४५ पासून ४८, १९५९ मध्ये ४९, ४ जुलै १९६० पासून ५०. गरुडाचं तोंड ऑक्टोबर १९४५ पासून ऑलिव्हच्या फांदीकडे आहे, त्याआधी बाणांकडे होतं. छपाई बारीक असली की तारे एकमेकांत मिसळतात, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

‘अमुक पाहुण्याने विमानातून आणलं’ हे पत्र जोडून किंमत दुप्पट करतात. अशा वेळी तारीख मागा. निक्सन, फोर्ड, कार्टर यांच्या रोजनिशा त्यांच्या नावाच्या ग्रंथालयांनी खुल्या केल्या आहेत आणि त्यांच्या परिशिष्टात अनेकदा विमानातल्या प्रवाशांच्या याद्या असतात. यादी मिळाली आणि नाव नसेल, तर त्या पत्रासाठी पैसे मोजू नका. माझ्या मते तारीख सांगायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून घेऊच नये.

एम अँड एम्सची डबी १९८८ मध्ये, रेगन राष्ट्राध्यक्ष असताना, विमानात पाहुण्यांना देत त्या सिगारेटच्या जागी आली, त्यामुळे रेगन यांच्या सहीची असणं शक्य आहे. सही छापील असते, हस्ताक्षर म्हणून पैसे देऊ नका. आतल्या गोळ्या खालची झाकणी उघडून काढून टाका, नाहीतर चॉकलेटचं तूप पुठ्ठ्याला लागतं आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

कस्टमच्या नियमांचा मी जाणकार नाही, ते एजंटला विचारा. फक्त त्यांना वस्तूंची यादी खरी द्या आणि मॅचबुक वेगळं लिहा.