निबंध भाच्याने सांगितला, तर वर्गात कोण बसणार?

प्रश्न : आदरणीय मॅडम, मोठ्या बहिणीने भरलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून आम्ही मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातून न्यू जर्सीत एडिसनला आलो. मुलगी १९ वर्षांची आहे. शिक्षण सेमी-इंग्रजीतून, बारावी सायन्सला ७४ टक्के, इंग्रजीत ६८ गुण. इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) प्रवेश घ्यायचा आहे, पण आधी इंग्रजीची प्लेसमेंट टेस्ट आहे आणि ती चांगली गेली नाही तर ‘ईएसएल’च्या (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या) वर्गात बसवतात, असे कळले. बहिणीची मुले रटगर्स या इथल्या सार्वजनिक विद्यापीठात शिकली. आमची मुलगी इंग्रजी शिकायला बसली तर नातेवाइकांत मान खाली जाईल. म्हणून तीन महिन्यांपासून घरात मराठी बोलणे बंद केले आहे. टेस्ट घरूनही देता येते आणि निबंधाच्या वेळी शेजारच्या खोलीतून मजकूर सांगायला भाचा तयार आहे. मुलगी हल्ली फारशी बोलत नाही. मधूनच नर्सिंगचे काढते, पण आम्ही कॉम्प्युटर सायन्स ठरवले आहे. पहिल्याच प्रयत्नात जास्तीत जास्त गुण मिळण्यासाठी काय करावे? टोफेल किंवा एसएटी द्यावी का, की पुण्याला परत पाठवून सीईटी द्यायला लावावी? — एक पालक

उत्तर : तुमच्या पत्रात परीक्षेविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. ‘मुलगी हल्ली फारशी बोलत नाही’ हे वाक्य मात्र तुम्ही दोन वाक्यांच्या मध्ये ठेवून पुढे गेला आहात. मला पत्रातले सर्वांत काळजीचे वाक्य तेच वाटले, म्हणून टेस्टकडे नंतर वळते.

एकोणीस वर्षांची मुलगी आपले गाव, मैत्रिणी आणि कॉलेज सोडून दुसऱ्या देशात आली. रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये तिला दिवसभर परक्या भाषेत वावरावे लागते आणि घरी परतल्यावर ज्या भाषेत तिला रडता, भांडता, शंका विचारता आली असती, ती भाषा तुम्ही बंद केली आहे. तुम्हाला वाटते की ती इंग्रजी बोलत नाही. मला वाटते की तिने बोलणेच सोडून दिले आहे. घरातल्या मोठ्यांनाही ज्या भाषेत मोजकेच बोलता येते, त्या भाषेत जेवलीस का, झोपलीस का, अभ्यास झाला का, यापलीकडचे बोलणे फारसे होत नाही, आणि अशा बोलण्यातून कोणाचेही इंग्रजी सुधारत नाही. ही बंदी आज संध्याकाळीच उठवा, आणि ती उठवताना ‘आमचे चुकले’ एवढे तिला मराठीत सांगा.

तुमच्यावरचे दडपण मला समजत नाही असे नाही. बहिणीने अर्ज भरला तेव्हा मुलगी अगदी लहान असणार, कारण भावंडांच्या या वर्गवारीत भारतातल्या कुटुंबांना दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. इतकी वर्षे वाट पाहून, स्थिर झालेला संसार उचलून, बहिणीच्या आधाराने नव्याने उभे राहताना, तिच्या मुलांशी आपल्या मुलीची तुलना होणार, ही भीती माणसाला आतून पोखरते. पण ती भाचरे अमेरिकेतल्या शाळांतून वाढली आणि तुमची मुलगी इथे येऊन वर्षही झालेले नाही. या दोन वाटचालींची तुलना करणे मुलीवर अन्यायकारक आहे, आणि तो अन्याय नातेवाईक करण्याआधी तुम्हीच करीत आहात.

आता टेस्टविषयीचा गैरसमज. आपण ‘नीट’ आणि ‘सीईटी’ या प्रवेश परीक्षांच्या वातावरणात वाढलो, त्यामुळे ‘टेस्ट’ म्हटले की आपल्याला गुणवत्ता यादी, कट-ऑफ आणि हुकलेला प्रवेश दिसतो. कम्युनिटी कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट तशी नाही. ही कॉलेजे सर्वांना खुली आहेत. १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे अशा कॉलेजांची सुरुवात झाली आणि न्यू जर्सीत आज १८ कम्युनिटी कॉलेजे आहेत. तुमच्या मुलीला तिथे प्रवेश मिळणारच आहे. टेस्टमध्ये उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नाही, कोणाशी स्पर्धा नाही आणि जास्त गुणांना बक्षीसही नाही. विद्यार्थ्याने इंग्रजीच्या कोणत्या वर्गापासून सुरुवात करावी, एवढेच ती सांगते. चष्म्याचा नंबर काढताना जी अक्षरे दिसत नाहीत ती कोणी कानात सांगितली, तर नंबर चुकतो आणि चुकीचा चष्मा आपल्यालाच घालावा लागतो. तसेच इथे होते. तुमचा प्रश्न ‘जास्तीत जास्त गुण कसे मिळतील’ असा आहे. तो ‘तिचे खरे इंग्रजी टेस्टमध्ये पूर्णपणे कसे दिसेल’ असा असायला हवा, कारण नीट न झोपता, धास्तावून आणि स्वरूप माहीत नसताना टेस्ट दिली तर तिच्या क्षमतेपेक्षा कमीच दिसेल, आणि ते टाळणे तुमच्या हातात आहे.

म्हणून स्वरूप सांगते. न्यू जर्सीतील अनेक कम्युनिटी कॉलेजांत कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ‘अॅक्युप्लेसर’ ही टेस्ट वापरली जाते. तिच्या नव्या आवृत्तीत वाचनाचे २० आणि लेखनाचे २५ बहुपर्यायी प्रश्न असतात, गुण २०० ते ३०० या मोजपट्टीवर मिळतात आणि वेळेचे बंधन नसते. आधीच्या उत्तरावरून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, त्यामुळे ‘सोपे आधी सोडवून घेऊ’ ही आपल्याकडची सवय इथे कामाची नाही. प्रत्येक प्रश्नाला शांतपणे वेळ द्यावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पहिली भाषा इंग्रजी नसलेल्यांसाठी वेगळी ईएसएल टेस्ट असते आणि तिच्यात वाचन, वाक्यार्थ, भाषावापर व श्रवण असे भाग असतात. अर्जात पहिली भाषा कोणती हे विचारले जाते आणि अनेक कॉलेजांत त्यावरून कोणती टेस्ट द्यायची ते ठरते. तिथे ‘मराठी’ असेच लिहा. सरावासाठी कॉलेज बोर्डाचे प्रश्न मोफत मिळतात. क्लासवर पैसे घालवू नका.

निबंधाच्या भागात एक छोटा उतारा आणि एक प्रश्न देतात. त्यावर स्वतःचे मत मांडून ते कारणे आणि उदाहरणे देऊन पटवायचे असते. साधारण ३०० ते ६०० शब्द अपेक्षित असतात आणि १ ते ८ या पट्टीवर मूल्यमापन होते. विषय सोडून लिहिलेल्या मजकुराला शून्य मिळते. आपल्याकडे निबंध पाठ करून जाण्याची रीत आहे, आणि हुशार मुलांचा इथे घात होतो तो त्या रीतीमुळे. पाठ केलेली सुभाषिते आणि भरजरी प्रस्तावना यांचा काही उपयोग नाही. साध्या वाक्यांत एक मुद्दा धरून शेवटपर्यंत नेता आला पाहिजे. याची तयारी घरात मराठीतच उत्तम होईल. रात्रीच्या जेवणाला एक प्रश्न घ्या, उदाहरणार्थ शाळेत मोबाइल असावा की नसावा, आणि तिला एक बाजू घेऊन तुमच्याशी वाद घालू द्या. तुम्ही तिचे म्हणणे खोडून काढा, तिने उदाहरण द्यावे, आणि मग उठून तोच वाद तिने इंग्रजीत दोन-तीन परिच्छेदांत लिहावा. महिनाभर हे केले तर तिचा निबंध सुधारेल आणि घरात बोलणेही परत सुरू होईल.

भाच्याविषयी मी स्पष्टच लिहिते. घरून टेस्ट घेतली जाते तेव्हा कॅमेऱ्यातून देखरेख असते आणि कोणी मजकूर सांगताना आढळले तर टेस्ट रद्द होते, कॉलेजात पाऊल ठेवण्याआधीच मुलीच्या नावावर गैरप्रकाराची नोंद होऊ शकते. पण समजा कोणी पकडले नाही. तिला थेट इंग्लिश कॉम्पोझिशनच्या, म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या इंग्रजी लेखनाच्या वर्गात जागा मिळेल. तिथे सुरुवातीच्या आठवड्यांतच वाचलेल्या लेखावर आपले म्हणणे मांडणारा निबंध मागतील, काही लेखन वर्गात समोर बसवून करून घेतील, आणि तेव्हा शेजारच्या खोलीत भाचा नसेल. तिथला नापासाचा शेरा कायमच्या गुणपत्रकावर राहतो, सरासरी खाली जाते आणि आर्थिक साहाय्य चालू राहण्यासाठी लागणारी प्रगतीची अटही धोक्यात येते. याहूनही वाईट म्हणजे, तिच्या स्वतःच्या शब्दांवर आईवडिलांचाही विश्वास नाही, हा धडा तिला तुमच्याकडून मिळेल. भाच्याला टेस्टपासून दूर ठेवा. त्याला खरोखर मदत करायची असेल, तर त्याने आठवड्यातून एकदा तिला कॉलेजच्या ग्रंथालयात घेऊन जावे.

खालच्या वर्गात जाण्याचे काहीच नुकसान नसते, असे मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या काळजीतला तेवढा भाग खरा आहे. महाविद्यालयीन पातळीच्या खालच्या अभ्यासक्रमांना फी लागते, पण त्यांचे क्रेडिट पदवीत धरले जात नाहीत. ग्रीन कार्डधारकांना आर्थिक साहाय्यासाठीचा ‘फाफ्सा’ अर्ज भरून उत्पन्नानुसार पेल ग्रँट हे सरकारी अनुदान मिळू शकते. तिच्यातून अशा उपचारात्मक अभ्यासक्रमांचे ३० क्रेडिटपर्यंत पैसे भागतात आणि ईएसएलचे क्रेडिट त्या मर्यादेत मोजले जात नाहीत. मात्र पेलची आयुष्यभराची मर्यादा साधारण १२ सत्रांची असल्यामुळे वेळ जपून वापरावा लागतो. शिवाय या टेस्ट अचूक असतात असेही नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास दाखवून दिले की केवळ टेस्टवर अवलंबून राहिल्यास इंग्रजीत सुमारे तीनांतील एक आणि गणितात चारांतील एक विद्यार्थी अगदीच चुकीच्या वर्गात पडतो, आणि त्यांत गरजेपेक्षा खाली बसवलेल्यांचे प्रमाण अधिक असते. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून शालेय गुणांना प्राधान्य दिले. तुम्ही तिकडे स्थायिक झाला असता तर तुमच्या पत्राचा विषयच वेगळा असता. टेक्सासमध्ये मात्र टीएसआयए-२ ही राज्याची टेस्ट आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे तिकडच्या ओळखीच्यांनी दिलेला सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

म्हणून भाच्याची मदत घेण्याऐवजी कॉलेजच्या सल्लागाराशी बोला, आणि बोलणे मुलीने करावे. तुम्ही शेजारी बसा. बारावीची गुणपत्रिका विचारात घेतली जाईल का, हे तिने विचारावे. टेस्ट पुन्हा देता येते का, किती दिवसांनी आणि किती वेळा, हे पहिल्या टेस्टच्या आधीच विचारून घ्यावे. निकाल सीमारेषेवर आला, तर थेट कॉम्पोझिशनच्या वर्गात बसून जोडीला जादा तासिका घेण्याची सोय आहे का, हेही विचारावे. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजाने २००७ मध्ये सुरू केलेली ही पद्धत आता अनेक ठिकाणी वापरतात. आणि ईएसएलमध्ये जागा मिळाली, तर त्याच सत्रात गणितासारखा पदवीत धरला जाणारा विषय घेता येतो का, हे विचारायला विसरू नये, कारण तसे झाले तर सत्र वाया जात नाही.

ईएसएल या शब्दाची तुम्हाला लाज वाटते, आणि ती अनाठायी आहे. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलीला इंग्रजी पुस्तकातले विज्ञान वाचता येते, पण वेगाने चाललेले व्याख्यान ऐकत टिपणे काढणे, आपले मत दुसऱ्याच्या मतापासून वेगळे मांडणे, याची सवय तिला कोणी लावलेली नसते. ते शिकवण्याचे प्रशिक्षण ईएसएलच्या शिक्षकांना असते. मुलगी खरोखरच त्या पातळीवर असेल, तर वर्षभर त्या वर्गात बसणे हा तिचा हक्क समजा.

टोफेल या कॉलेजसाठी देण्याची गरज नाही. एसएटी मुख्यतः थेट चार वर्षांच्या विद्यापीठात अर्ज करायचा असेल तर उपयोगी आहे; काही कम्युनिटी कॉलेजांत तिच्या चांगल्या गुणांवर प्लेसमेंट टेस्टमधून सूट मिळते, पण तेवढ्यासाठी ती देण्याची गरज नाही. सीईटीसाठी तिला एकटीला पुण्याला परत पाठवणे मला अजिबात मान्य नाही; आताच एक स्थलांतर तिला जड जात आहे. रटगर्सचे म्हणाल, तर २००७ च्या कायद्यानुसार न्यू जर्सीच्या कम्युनिटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. ही दोन वर्षांची सहयोगी पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याचे क्रेडिट राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत मान्य होतात, म्हणजे तिकडची वाट तिच्यासाठी बंद झालेली नाही.

राहिला नर्सिंगचा विषय, जो तुम्ही ‘मधूनच काढते’ म्हणून बाजूला सारला आहे. फारसे न बोलणारी मुलगी एखाद्या विषयाबद्दल पुन्हा पुन्हा बोलत असेल, तर तो विषय ऐकायलाच हवा. इथे दोन वर्षांच्या नर्सिंगच्या सहयोगी पदवीनंतर एन्क्लेक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा देऊन नोंदणीकृत परिचारिका होता येते आणि पुढे नोकरी करीत बॅचलर पदवी घेता येते. कॉलेजातला प्रवेश खुला असला तरी नर्सिंगच्या जागा मर्यादित असतात. इंग्लिश कॉम्पोझिशन आणि शरीररचनाशास्त्रासारखे विषय आधी चांगल्या श्रेणीने पूर्ण करावे लागतात, त्यामुळे दोन वर्षांऐवजी एकंदर तीन-चार वर्षे धरून चाला. या कामात रुग्णाचे म्हणणे नेमके समजणे आणि त्याची नोंद अचूक लिहिणे यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि तिथे उसन्या इंग्रजीला जागा नाही. बारावी सायन्सच्या मुलीला हा मार्ग झेपण्यासारखा आहे. कॉम्प्युटर सायन्स तिला आवडत असेल तर तेही चांगले आहे, पण तसे तिने म्हटल्याचे तुमच्या पत्रात कुठेही नाही.

कॉलेजच्या नर्सिंग विभागाच्या माहिती सत्राची तारीख शोधा आणि तिच्याबरोबर तिथे जा. जाता-येता गाडीत तिच्याशी मराठीत बोला. त्यानंतरही शंका राहिल्या, तर पुढचे पत्र तिला लिहू द्या आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.