विशेषणं खोड, क्रियापदं लिही

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधल्या राजा लिअरवरचा तुझा निबंध वाचला. आठ पानांत 'अहंकारी' हा शब्द अकरा वेळा आलाय, 'भोळा' सात वेळा. उताऱ्यांचं मराठी छान उतरलंय, पण या आठ पानांत लिअर काही करताना दिसत नाही. 'लिअर अहंकारी होता म्हणून त्यानं राज्य वाटून टाकलं,' असं तू लिहिलंस. अहंकारी माणूस तर राज्य घट्ट धरून बसेल की! विशेषणातून कृती निघत नाही. हेतू शोधायचा म्हणजे एवढंच विचारायचं: या घटकेला, समोरच्या माणसाकडून, याला काय हवंय?

पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश पुन्हा उघड. तीनशेच्या आसपास ओळी आहेत, तासाभरात सावकाश वाचून होतात. सुरुवातीला केंट आणि ग्लॉस्टर हे दरबारातले दोन सरदार बोलत उभे आहेत. आपण त्या ओळी ओलांडून राजाच्या प्रवेशाकडे धावतो, आणि नेमकं तिथंच हातचं जातं. ते दोघं काय म्हणतात? दोन्ही जावयांचे हिस्से इतके तोलून पाडलेत की राजाचा ओढा कुणाकडे, ते कळेनासं झालंय. म्हणजे वाटणी आधीच ठरलेली आहे! मग लिअर येतो, नकाशा मागवतो आणि मुलींना विचारतो, माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम कुणाचं? तिला सगळ्यात मोठा वाटा. थोरली गॉनरिल बोलली की लगेच तिचा भाग देऊन टाकतो. मधली रीगन बोलली की तिलाही तेवढाच. खरी परीक्षा असती तर तिघींचं ऐकून मग निकाल दिला असता.

आपल्याकडची जमिनीची वाटणी तू पाहिली असशील, खानापूरकडची असो की निपाणीकडची. मोजणी झालेली असते, हिस्से पडलेले असतात, कागद तयार असतो, सह्या तेवढ्या राहिलेल्या असतात. आणि तेव्हा म्हातारा चारचौघांत विचारतो, 'मला कोण बघणार?' त्या प्रश्नानं उताऱ्यावरचा एक गुंठाही इकडचा तिकडे होत नाही. त्याला ते शब्द ऐकायचे असतात, तेही पंचांसमोर.

लिअरनं स्वतः दिलेली कारणं वेगळी आहेत. कारभाराचं ओझं तरुणांच्या खांद्यावर द्यावं आणि हलकं होऊन मरणाकडे सरकावं, हे एक. पुढचे तंटे आजच मिटावेत, हे दुसरं. (नाटकाचे जुने छापील पाठ दोन. हे दुसरं कारण १६२३ च्या 'फोलिओ' पाठात आहे, १६०८ च्या 'क्वार्टो' पाठात नाही. तेव्हा आपली आवृत्ती कोणत्या पाठावर बेतलेली आहे, ते प्रस्तावनेत आधी बघून घ्यावं.) दोन्ही कारणं दरबारात सांगण्यासारखी आहेत, म्हणूनच त्यांच्यावर लगेच विसंबू नकोस. मनातलं बाहेर येतं ते धाकटी कॉर्डेलिया 'काही नाही' म्हणाल्यावर. संतापाच्या भरात तो बोलून जातो की हिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव होता, हिच्या मायेत उरलेले दिवस काढायचं मी ठरवलं होतं. तुझ्या निबंधात ही ओळ कुठंच नाही. ती धरली असतीस तर 'अहंकारी' आणि 'भोळा' दोन्हींची गरज पडली नसती.

आता वहीचं काम. जोडपान घे आणि उभ्या रेघा मारून पाच रकाने पाड: अंक-प्रवेश-ओळ, समोर कोण, काय मागतो, काय करतो, त्यासाठी काय सोडतो. विशेषण एकाही रकान्यात येऊ द्यायचं नाही. एका मोठ्या पात्राला दहा ते पंधरा नोंदी पुरे होतात. वीसच्या वर गेल्या तर समज की हेतू बाजूला राहिला आणि आपण कथानक उतरवत बसलोय.

पाचांतला दुसरा रकाना सगळे घाईत भरतात. 'समोर कोण' म्हणजे फक्त ज्याच्याशी बोलणं चाललंय तो नव्हे, जो ऐकतोय तोही. मॅकबेथच्या पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश घे. एकटा असताना तो राजा डंकनला का मारू नये याची कारणं मोजतो: मी त्याचा नातलग, त्याची प्रजा, आज तर त्याचा यजमान, शिवाय राजा सज्जन, आणि केलेलं उलटून आपल्यावरच येतं. बायको आत येते. तो म्हणतो, हे काम आता पुढं न्यायचं नाही. कारण काय देतो? राजानं नुकताच माझा मान केलाय, लोकांत माझं नाव झालंय. मघाच्या कारणांपैकी एकही तिच्यासमोर निघत नाही! पापपुण्याची भाषा या घरात चालणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते, तरी तो विचारतो, 'फसलो तर?' पहारेकऱ्यांना दारू पाजायचा बेत तिनं सांगितल्यावरच तो वळतो. दोन बाजूंची ही कारणं शेजारी शेजारी लिहून बघ. मॅकबेथवर लिहायला याहून चांगली सुरुवात मिळायची नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या हाताशी आयती आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी असं तुझं रोजचं चालतं. 'तू'चं 'तुम्ही' कधी होतं आणि कन्नडात 'नीवु'चं (तुम्ही) 'नीनु' (तू) कधी, हे तुला शिकवावं लागत नाही. शेक्सपिअरच्या इंग्रजीतही 'दाउ' (तू) आणि 'यू' (तुम्ही) असे दोन पदर होते. केंट आधी 'राजाधिराज लिअर' म्हणून अदबीनं सुरुवात करतो आणि पुढच्याच बोलण्यात भर दरबारात राजाला 'दाउ' म्हणतो, वर 'म्हाताऱ्या' म्हणतो. मराठीत 'काय करायला निघालायस, म्हाताऱ्या?' असं मोठ्यानं म्हणून बघ, अंगावर काटा येतो. गॉनरिल आणि रीगन दरबारात छंदात बोलतात, प्रवेशाच्या शेवटी दोघीच उरल्या की साध्या गद्यात, हिशेबाच्या सुरात. अशी जागा दिसली की समासात खूण कर. बहुतेक वेळा तिथं हेतू पृष्ठभागावर आलेला असतो.

पात्र स्वतःबद्दल बोलतं तेव्हा ते किती मानायचं? तीन गोष्टी तपास: ऐकणारा कोण, बोलण्यात फायदा काय, आणि पुढची कृती त्याला धरून आहे का. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचं जन्मरहस्य सांगतो. कर्ण नकार देतो आणि कारणं देतो: राधेची माया, अधिरथाचं प्रेम, सूतकुळात झालेली लग्नं, दुर्योधनाच्या आधारानं भोगलेलं वैभव. तिथंच तो कबूलही करतो की पांडवांना जे कडू बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून, आणि त्याचा मला आता पश्चात्ताप होतो. ऐकायला कृष्णाखेरीज कुणी नाही, फायदा काही नाही, उलट राज्य सोडतोय, आणि पुढं लढतो दुर्योधनाकडूनच. तिन्ही कसोट्यांना हे बोलणं उतरतं. मात्र कादंबऱ्यांतला आणि मालिकांतला कर्ण बाजूला ठेवून हे पर्व वाच. नाहीतर आपण दुसऱ्याच लेखकाच्या कर्णाचे हेतू महाभारताच्या नावावर लिहून मोकळे होतो.

उलटही घडतं. 'ऑथेल्लो' नाटकातला इयागो कारणं देतच सुटतो: बढती कॅसिओला मिळाली, सेनापती ऑथेल्लोचा आपल्या बायकोशी संबंध असावा, मग कॅसिओचाही असावा. इतकी कारणं सापडली की त्यातलं एक निवडायचा मोह होतो. निवडू नकोस. कारणं बदलत जातात, हीच नोंद कर. शेवटी तो 'मला काही विचारू नका' म्हणून गप्प होतो, तीही नोंद त्याच पानावर. या नाटकावरून नाटककार गो. ब. देवलांनी 'झुंझारराव' केलं. देवल अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य, आणि अण्णासाहेब आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. वाचनालयात मिळालं तर दोन्ही समोरासमोर ठेव. रूपांतर करणारा जिथं कारण बदलतो किंवा गाळतो, तिथं मूळ कारण किती जोर लावत होतं ते कळतं.

हेतू एका वाक्यात लिहून झाला की त्याला तीन वेगवेगळ्या प्रवेशांतले पुरावे लाव आणि एक पुरावा विरुद्ध जाणारा मुद्दाम शोध. विरुद्ध काहीच सापडलं नाही तर वाक्य फार सैल आहे, कशालाही लागू पडेल असं. आणि शेवट माहीत असल्यामुळे पहिल्या अंकातच पात्राला दोषी ठरवू नकोस. गॉनरिल पहिल्या प्रवेशात अजून बापाला वादळात ढकलत नाहीये. गाइडातली स्वभावचित्रं परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठेव, आत्ता नको.

पुढच्या खेपेला लिअर नको. कॉर्डेलियाच्या फक्त पहिल्या प्रवेशातल्या नोंदी पाठव. ती आधी स्वतःशी काय बोलते ते घे, मग दरबारात काय बोलते ते. बर्गंडीचा सरदार आणि फ्रान्सचा राजा, दोघं तिला मागणी घालायला आलेत आणि बाहेर थांबलेत, हे विसरू नकोस. 'अर्धं प्रेम नवऱ्याला द्यावं लागेल' हे वाक्य ती नेमकं त्या दिवशी, सगळ्यांदेखत का म्हणते? रकाने पाचच, विशेषण एकही नको.