गिअरची गाडी शिकण्यासाठी स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची आहे. शिकताना ती खराब होणारच, मग मिळेल ती सर्वांत स्वस्त घेतली तर चालेल का? घेताना काय पाहावे?

तुमच्या प्रश्नातला ‘शिकताना ती खराब होणारच’ हा भाग अर्धाच खरा आहे, आणि सर्वांत स्वस्त गाडी घेण्याचा निर्णय नेमका त्याच भागावर उभा असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो. नवशिक्याच्या हातून गाडीला ओरखडे पडतात, बंपर घासतो, गाडी पन्नास वेळा बंद पडते. यातल्या कशानेही गाडीचे फारसे बिघडत नाही. झीज होते ती क्लचप्लेटची, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या तबकडीची, तीही क्लच अर्धवट दाबून ठेवण्याच्या सवयीने. मात्र जिची प्लेट मुळातच संपत आली आहे अशा गाडीवर शिकायला बसलात, तर तुम्ही गाडी बिघडवण्याऐवजी गाडीच तुमचा हात बिघडवते. म्हणून बाहेरून कितीही पोचे असलेली गाडी घ्या, पण तिचा क्लच आणि गिअरबॉक्स निरोगी असलेच पाहिजेत.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझी पहिली गाडी मी केवळ किंमत पाहून घेतली होती. तिचा क्लच अगदी वर, म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर, शेवटच्या बोटभर अंतरात लागत असे, म्हणजे तिथे इंजिनाचा जोर चाकांना मिळू लागे. चढ आला की इंजिनाचा आवाज वाढे, गाडी मात्र जागची हलत नसे, आणि थोड्याच वेळात जळका वास येऊ लागे. आपला पाय चुकतो आहे असे समजून मी जवळजवळ तीन महिने तोच चढ पुन्हा पुन्हा चढण्याचा प्रयत्न करत राहिलो. शेवटी गाडी चालवण्यात मुरलेले एक परिचित चालकाच्या जागेवर बसले, त्यांनी गाडी शंभर पावले चालवली आणि प्लेट संपली आहे एवढेच सांगितले. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे सुट्या भागांबरोबर मजुरीही बरीच द्यावी लागते. त्यानंतर पायाला चुकीच्या जागेची लागलेली सवय मोडण्यात आणखी काही आठवडे गेले.

अडचण अशी आहे की तुम्हाला अजून गिअरची गाडी चालवता येत नाही, म्हणजे ती तपासून पाहणेही तुमच्या हातात नाही. त्यासाठी रोज गिअरची गाडी चालवणाऱ्या एखाद्या माणसाला सोबत न्या. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर गार इंजिन सुरू करताना होणारा त्रास लपवला गेला असण्याची शक्यता आहे, अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे, आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर इंजिन गार ठेवणारे कूलंट इंजिनाच्या आत जाऊन जळत असण्याचा संभव असतो.

मग क्लचकडे वळा. सोबतच्या माणसाला सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून, अॅक्सिलरेटरला अजिबात पाय न लावता, क्लच हळूहळू सोडायला सांगा. पेट्रोलवर चालणारी धडधाकट गाडीसुद्धा अशी आपोआप, सावकाश पुढे सरकते. सरकताना ती थरथरली तर प्लेटवर तेल आलेले असू शकते, प्लेट असमान झिजलेली असू शकते किंवा इंजिनाची माउंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारे रबरी आधार, गेलेली असू शकतात. यानंतर मोकळ्या रस्त्यावर साधारण ताशी चाळीस किलोमीटर वेगाला वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर एकदम दाबून पाहावा. इंजिनाचे फेरे झपकन वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. ही खूण दिसली की प्लेट बदलण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून मगच बोलावे, आणि विकणारा तयार नसेल तर गाडी सोडून द्यावी.

शेजारी बसल्या बसल्या तुम्ही स्वतः कान देऊन पुष्कळ काही ओळखू शकता. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, संशय घ्यावा. उलट, क्लच सोडलेला असताना आवाज येत असेल आणि दाबल्यावर तो थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतले बेअरिंग झिजलेले असू शकते, आणि हे दुखणे जास्त महागाचे असते. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये येताना खरखर झाली तर दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून देणारा सिंक्रो झिजलेला असतो. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो बहुधा आधी जातो, कारण शहरात सर्वाधिक वापर त्याचाच होतो. नवशिक्याच्या दृष्टीने ही खरखर फार वाईट, कारण ती आपल्या चुकीमुळे झाली की गाडीच्या दोषामुळे, हे त्याला कळू शकत नाही.

कोणती गाडी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. साधारण बाराशे सीसीच्या आसपासचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन, रस्त्यावर सर्रास दिसणारे मॉडेल आणि आखूड, चारी बाजूंनी नीट दिसणारी बांधणी. सर्रास दिसणाऱ्या गाडीचे सुटे भाग स्वस्त पडतात आणि कोणत्याही मेकॅनिकला ती उघडता येते. डिझेल गाडी कमी फेऱ्यांनाही जोर देते, म्हणून ती सहसा बंद पडत नाही आणि शिकायला सोपी वाटते हे खरे, पण त्यामुळेच क्लच आणि अॅक्सिलरेटर यांचा मेळ बसवण्याची सवय पायाला उशिरा लागते. शिवाय बऱ्याच आधुनिक डिझेल गाड्यांत दोन भागांचे (ड्युअल मास) फ्लायव्हील, म्हणजे क्लचला लागून असलेले इंजिनाचे जड चाक, असते. ते क्लचबरोबर बदलावे लागले तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही. त्यांच्या धुराच्या मार्गातली काजळी अडवणारी जाळीही शिकाऊ माणसाच्या छोट्या छोट्या फेऱ्यांनी तुंबते, कारण ती साफ होण्यासाठी गाडी सलग बराच वेळ चालावी लागते. हाताने ओढायचा हँडब्रेक असेल तर उत्तम, चढावर गाडी उचलायला शिकण्यासाठी त्याच्याइतके चांगले साधन नाही.

इंजिन बंद असताना चालकाच्या जागेवर स्वतः बसून पाहा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. तसे होत नसेल आणि सीट पुढे सरकत नसेल, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. पेडलवरचे रबरही पाहा. मीटरवर थोडेच किलोमीटर आणि रबर मात्र झिजून गुळगुळीत, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नये.

सुरक्षेत मात्र काटकसर करू नका, कारण अपघाताचा धोका नवख्या चालकालाच सर्वाधिक असतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग असलेली गाडी शोधा. किल्ली फिरवल्यावर त्यांचे दिवे लागून थोड्या वेळाने विझले पाहिजेत. ते लागलेच नाहीत, तर दोष लपवण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांचे टायर बदलण्याच्याच हिशेबात धरावेत.

कागदपत्रांवरील चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहा. पैशांच्या बाबतीत, ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा तरी हातात राखून ठेवावा असे मला वाटते. गाडी आणल्यावर इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि ब्रेकचे तेल लगेच बदलून घ्या. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर पुष्कळ गाड्यांत त्याला आणि ब्रेकला एकाच डब्यातून तेल जाते, आणि हे तेल हवेतला ओलावा शोषत असल्यामुळे जुने झाले की दोन्हीकडे त्रास देते. इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्वची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा, असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चला, कारण तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

ही सगळी कामे उरकली की मोकळ्या, सपाट मैदानात जाऊन सोबतच्या माणसाने केली तीच चाचणी आता स्वतः करा, म्हणजे पहिला गिअर टाकून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, केवळ क्लच सोडून गाडी हलवा. क्लच नेमका कुठे लागतो हे पायाला न चुकता कळू लागेपर्यंत, दोन दिवस लागले तरी, दुसरे काहीही शिकायला घेऊ नका.