पौल खरा की याकोब? विश्वास, कर्मे आणि पहिली चारशे वर्षे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या करारातली अनेक पत्रे ज्याच्या नावे आहेत त्या पौलाच्या मते माणूस नियमशास्त्रातल्या (मोशेने दिलेल्या यहुदी नियमांतल्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, म्हणजे देवापुढे निर्दोष गणला जातो. त्याच करारातल्या आणखी एका पत्राचा लेखक याकोब म्हणतो, नुसत्या विश्वासाने नाही, कर्मांनी ठरतो. मग आरंभीच्या मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, मानले तरी काय, आणि ‘केवळ विश्वासाने’ ही भानगड सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर याने मागाहून घुसवली का?

ल्यूथरचे आधी उरकतो. १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस ३:२८ मध्ये त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला हे खरे, आणि मूळ ग्रीकमध्ये तो नाही हेही खरे. पण कल्पना त्याची नव्हे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती भाष्यकाराने याच वचनाखाली येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचे उदाहरण दिले आहे: त्याने आधी काय केले हे येशूने विचारले नाही, पुढे काय करतो याची वाटही पाहिली नाही. लगेच पुढे तो बजावतो की नीतिमान ठरल्यावर जो अन्याय करतो त्याने मिळालेली कृपा लाथाडली. आणखी गंमत म्हणजे, माणसाच्या स्वतःच्या कुवतीवर भर दिल्याने कृपेचा वैरी म्हणून बदनाम झालेल्या पेलाजियस या ख्रिस्ती शिक्षकाने पौलाच्या पत्रांवर जी टीका लिहिली, तिच्यातही ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा कोणी कोणते शब्द वापरले यावरून निकाल लागत नाही. तो कोणाशी आणि कशावरून भांडत होता, हे पाहावे लागते.

पौलाचे भांडण गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि ते सुरू होते जेवणावरून. अंत्युखिया या शहरात केफा, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, परराष्ट्रीयांतून (यहुदी नसलेल्यांतून) आलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडची, म्हणजे येरुशलेमच्या मंडळीतली, काही माणसे आली तसा तो सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहुद्यांच्या, भीतीने बाजूला झाला. पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला फैलावर घेतले. पंक्तिव्यवहाराचा इतिहास असलेल्या आपल्या समाजात या प्रसंगाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागू नये. ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ हे सूत्र त्या पत्रात प्रथम येते ते इथे, या ताटांच्या वादात.

विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी नेमके हेच उचलून धरले. क्रिस्टर स्टेंडाल म्हणाला, पापाच्या टोचणीने तळमळणारा माणूस हा ल्यूथर आहे, पौल नव्हे. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्सने दाखवले की त्या काळचा यहुदी धर्म ‘पुण्य साठवा आणि तारण मिळवा’ असा नव्हताच. निवड देवाच्या कृपेने होई, नियमशास्त्र पाळायचे ते त्या करारात टिकून राहण्यासाठी. जेम्स डनने पुढे मांडले की ‘नियमशास्त्राची कर्मे’ म्हणजे मुख्यतः सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शब्बाथ, म्हणजे यहुद्यांना इतरांपासून वेगळे काढणाऱ्या खुणा. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या एका पत्रात हाच शब्दप्रयोग शुद्धाशुद्धतेच्या बारीक नियमांबद्दल आलेला दिसला, तेव्हा या चर्चेला आणखी धार आली.

मला हा पक्ष बराचसा पटतो, पण पूर्ण नाही. रोमकरांस ४:४-५ उघडा. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती कृपा नव्हे; आणि देव अभक्ताला नीतिमान ठरवतो. इथे विषय सुंतेच्या पलीकडे गेलेला आहे, आणि डनच्या चौकटीत तो बसवताना ओढाताण होते. जॉन बार्कलेने २०१५ मध्ये काढलेला मार्ग मला अधिक सरळ वाटतो: सँडर्स म्हणतो तशी कृपा त्या काळच्या यहुदी लेखनात सगळीकडे आहे, पण ती लायकी पाहून द्यावी की न पाहता, यावर त्या लेखकांचे एकमत नव्हते. पौल न पाहता देणाऱ्यांच्या टोकाला उभा आहे.

याकोबाचा विरोधक वेगळाच आहे. उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणून वाटेला लावणारा तो माणूस. त्याचा विश्वास म्हणजे देव एक आहे एवढे मानणे, आणि तेवढे तर भुतेही मानतात, वर थरथर कापतात. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम दोघांनाही हवा आहे. पौल सुंतेच्या आधीचा, नुसता विश्वास ठेवणारा अब्राहाम घेतो, याकोब आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवणारा. याकोबाने पौलाचीच कोणीतरी वाकवलेली शिकवण ऐकली असावी असे मला वाटते, पण हे सिद्ध करता येत नाही.

पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या, क्लेमेंटच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या पत्रात दोन्ही सूर जवळजवळ आहेत. तिसाव्या अध्यायात आपण शब्दांनी नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो; बत्तिसाव्यात स्वतःच्या भक्तीने वा कर्मांनी नव्हे, विश्वासाने. टी. एफ. टॉरन्स या धर्मशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आरोप केला की या पिढीला पौलाची कृपा कळलीच नाही. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. करिंथमध्ये मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना पदावरून हटवल्यामुळे फूट पडली होती, आणि क्लेमेंटला ती मिटवायची होती. नीतिमान ठरण्याचा सिद्धांत त्याला मांडायचाच नव्हता.

प्रश्न खऱ्या अर्थाने बदलला तो उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याच्या हातून. पेलाजियसशी झालेल्या वादात सुंता आणि पंगत मागे पडली आणि पुढे आले ते माणसाच्या इच्छाशक्तीचे बळ: चांगले करण्याची कुवत त्याच्यात मुळात आहे, की तीही देवाने द्यायची? ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला. पण ऑगस्टीनच्या लेखी नीतिमान ठरणे म्हणजे आतून बदलून नीतिमान होणे, प्रीतीने काम करणाऱ्या विश्वासातून. म्हणून ‘ऑगस्टीन म्हणजे ल्यूथरच्या आधीचा ल्यूथर’ हे वारंवार ऐकू येणारे वाक्य मी मान्य करत नाही. कृपेच्या बाबतीत ते बरोबर आहे, ‘केवळ विश्वासा’च्या बाबतीत नाही. ४१३ च्या सुमारास त्याने, बाप्तिस्मा घेऊन जुनेच जगणे चालू ठेवू पाहणाऱ्यांविरुद्ध एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, आणि त्यात याकोबाला थेट साक्षीला काढले आहे.

वाचायला बसणार असाल तर गलतीकरांस २, मग रोमकरांस ४, मग याकोब २ असा क्रम ठेवा. क्लेमेंटचे तीस ते बत्तीस अध्याय त्यानंतर, एका बैठकीत होतात.