'जालारंभ' नको, 'वरून' पुरे

प्रश्न असा आहे: एका हस्तपुस्तिकेचं मराठी करताना 'ऑपरेटिंग सिस्टिम नव्या हार्डवेअरवर पोर्ट करताना आधी नेटबूट करून बघावं' या अर्थाचं वाक्य आलं. तर नेटबूटला, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून सिस्टिम आणून यंत्र सुरू करण्याला, 'जालारंभ' आणि पोर्ट करण्याला, म्हणजे सिस्टिम नव्या हार्डवेअरवर चालेल अशी करण्याला, 'स्थलांतर' चालेल का?

जालारंभ मला तरी पटत नाही. कार्यारंभ म्हणजे कार्याचा आरंभ, वर्षारंभ म्हणजे वर्षाचा. त्याच चालीवर जालारंभ ऐकला की नेटवर्क सुरू केलं असंच वाटणार. इथे नेटवर्क आधीपासून चालू आहे, उठायचंय ते यंत्र. समास सोडवला की 'चा' हाती लागतो, हवा असतो 'वरून'. मग तोच वापरावा की! डिस्कवरून बूट, पेनड्राइव्हवरून बूट, तसंच नेटवर्कवरून बूट.

बूट हा शब्द मुळात पायातलाच. बुटाच्या मागची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलणं, असा अशक्य गोष्टीसाठी इंग्रजीत जुना वाक्प्रचार आहे. संगणकाचं दुखणं तेच: मेमरीत प्रोग्रॅम आणायला मेमरीत आधी एक प्रोग्रॅम लागतो. पहिला हात रॉममधला, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीतला, छोटा प्रोग्रॅम देतो.

पोर्टिंगमध्ये नेटवर्क का, तर नव्या बोर्डाच्या डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ती हाताळणारा प्रोग्रॅम, अजून आपण लिहिलेलाच नसतो. पण रॉममधल्या प्रोग्रॅमला बऱ्याचदा नेटवर्क कार्ड हाताळता येतं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आपल्या नेहमीच्या मशीनवर कंपाइल करायचा, टीएफटीपीच्या (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) फोल्डरमध्ये टाकायचा, बोर्ड रीसेट करायचा. दिवसात पन्नासदा. सन कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशनांवर या फाइलचं नावही गमतीचं असे: यंत्राचा आयपी पत्ता सोळाच्या पायात, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशा अंकांत. १९२.१६८.१.५ असेल तर सी०ए८०१०५. एक अक्षर चुकलं की यंत्र नुसतं बघत बसणार.

मात्र कर्नलने ताबा घेतला की रॉमची मदत संपते. रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या बाकी सगळ्या फाइलींचं मूळ फोल्डर, एनएफएसवरून (दुसऱ्या यंत्रावरचे फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) घ्यायची तर कर्नलला स्वतःचा नेटवर्क ड्रायव्हर लागतो. म्हणून 'बूट झाला' म्हणणाऱ्याला मी विचारतो, कर्नल आला की रूटही मिळालं? भाषांतरातही हे दोन टप्पे वेगळे लिहा.

आता पोर्ट. स्थलांतर म्हटलं की जुनी जागा सुटते. पक्षी करतात, माणसं करतात. इथे सिस्टिम जुन्या यंत्रावर तशीच चालत राहते. १९९३ पासूनच्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमीत बराचसा कोड सगळ्या यंत्रांना सामायिक आहे, यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा ठेवलेला. अंगाप्रमाणे कापड बेततात तसं काम हे, म्हणून 'नव्या हार्डवेअरसाठी बेतणे' मला आवडतं. नाहीतर 'पोर्ट करणे'च ठेवा, कुणी अडत नाही.

फक्त त्याच पानावर 'पोर्ट ६९' आला तर सांभाळा. टीएफटीपीचा हा पोर्ट म्हणजे दार, लॅटिन 'पोर्ता'. 'पोर्ट करणे'च्या मुळाशी 'पोर्तारे', म्हणजे वाहून नेणे. एकदा माझ्या बोर्डाच्या सिरियल कन्सोलवर, म्हणजे त्याचे संदेश दिसतात त्या पडद्यावर, फाइल येत असल्याची हॅशची (#) रांग उमटायच्या ऐवजी नुसतं टी टी टी टी येत होतं, म्हणजे टाइमआउट, वाट बघूनही उत्तर नाही. तासभर मी केबली बदलत बसलो. माझ्याच लॅपटॉपच्या फायरवॉलने ते दार लावून घेतलं होतं.