संगणक शंका-समाधान : कार्ड गेलं, ड्रायव्हर जाईना

प्र. आमच्या छापखान्यात विंडोज एक्सपीचा एक संगणक आहे. पावसाळ्यात वीज पडली तेव्हा मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट (नेटवर्कची तार लावायची जागा) गेला, म्हणून पीसीआय कार्ड बसवलं. त्याला जुनाच आयपी पत्ता १९२.१६८.१.२० द्यायला गेलो, तर 'हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला आधीच दिलेला आहे' असा संदेश येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तर एकच कार्ड दिसतं. दुसरं आलं कुठून?
– छापखाना-चालक, सांगली

उ. दुसरं म्हणजे तुमचं जळालेलंच. कार्ड काढलं, जळालं किंवा नुसतं शेजारच्या स्लॉटमध्ये सरकवलं, तरी एक्सपी त्याची रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातली, नोंद पुसत नाही. तुमचा पत्ता त्या नोंदीवर अडकलाय. नव्या कार्डाचं कनेक्शन बघा, त्याचं नाव 'लोकल एरिया कनेक्शन २' पडलेलं असणार; पहिलं नावही जुन्यानेच धरून ठेवलंय.

संदेशाच्या चौकटीत 'नो' दाबलं तर पत्ता लागतो आणि काम चालूही होतं. पण अर्धवट जळालेली चिप एखाद्या सकाळी पुन्हा जागी झाली, तर दोन कार्डं एकाच पत्त्यावर हक्क सांगतील. म्हणून आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर) जाऊन 'ऑनबोर्ड लॅन' बंद करा. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉग-इन करा, 'स्टार्ट', 'रन' आणि 'सीएमडी' अशी काळी खिडकी उघडा. तिच्यात इंग्रजी अक्षरांत एक ओळ टाइप करायची आहे : सेट, एक मोकळी जागा, आणि पुढे सगळं सलग – डीईव्हीएमजीआर, अंडरस्कोर, शो, अंडरस्कोर, नॉनप्रेझेंट, अंडरस्कोर, डिव्हायसेस, बरोबरचं चिन्ह, १. एंटर दाबा. त्याच खिडकीत पुढच्या ओळीवर 'स्टार्ट', जागा, 'डीईव्हीएमजीएमटी डॉट एमएससी'. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. बरोबरच्या चिन्हाच्या आधी किंवा नंतर जागा सोडली, तर विंडोज तक्रार करत नाही, पण काही दाखवतही नाही. स्पेलिंग चुकलं तरी तेच. आणि डिव्हाइस मॅनेजर सवयीने 'माय कॉम्प्युटर'वरून उघडलात, तर काळ्या खिडकीत दिलेली ती ओळ त्याला ठाऊकच नसते. त्याच खिडकीतून उघडायला हवा.

आता 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली जुनं कार्ड फिकट चिन्हाने दिसेल. राइट-क्लिक, 'अनइन्स्टॉल', रीस्टार्ट. पत्ता मोकळा झाला, आणि एफ२ दाबून कनेक्शनचं नावही बदलता येईल. मात्र फिकट दिसतं ते सगळं साफ करत सुटू नका. 'रॅस असिंक अडॅप्टर' फिकट असला तरी विंडोजचाच आहे. 'वॅन मिनीपोर्ट' नावाचे सगळे आणि 'डायरेक्ट पॅरलल' हेही. 'नॉन-प्लग अँड प्ले ड्रायव्हर्स' हा विभाग तर उघडूच नका, टीसीपी/आयपीचा मूळ ड्रायव्हर तिथे बसलेला असतो.

प्र. एक्सपीवर लॅन कार्डाला 'कोड १०' (उपकरण सुरू होऊ शकत नाही) येतो. ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की विंडोज न विचारता तोच जुना ड्रायव्हर पुन्हा बसवतं. चार वेळा केलं. तो मुळापासून कसा काढायचा?
– यंत्रशाळा, भोसरी

उ. एक्सपीतलं 'अनइन्स्टॉल' कार्डाची नोंद काढतं, ड्रायव्हर नाही. ड्रायव्हरची माहिती सांगणारी आयएनएफ फाइल 'विंडोज' फोल्डरातल्या 'आयएनएफ' या लपवलेल्या फोल्डरात राहते, आणि प्रत्यक्ष ड्रायव्हर 'सिस्टिम३२'मधल्या 'ड्रायव्हर्स'मध्ये. रीस्टार्टनंतर कार्ड दिसलं की विंडोज आयएनएफ फोल्डर चाळतं, जुळणारी फाइल सापडते आणि गाडी पुन्हा रुळावर. त्यातून एक्सपी स्वाक्षरी असलेल्या ड्रायव्हरला स्वाक्षरी नसलेल्यापेक्षा वरचा मान देतं, तारीख कितीही जुनी असो. नवा ड्रायव्हर समोर ठेवूनही जुनाच बसतो, त्याचं कारण बहुधा हे.

काहीही काढण्याआधी तीन गोष्टी करा. एक, कार्डाचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कार्ड गेलं की इंटरनेटही गेलं, आणि एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपल्यामुळे विंडोज अपडेटकडून काही मिळेल अशी आशा नको. दोन, सिस्टिम रिस्टोअरचा एक पॉइंट करा. तीन, कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवरचं सगळं वहीत उतरवा, आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवेसकट. कार्डाची नोंद गेली की हे सगळं तिच्याबरोबर जातं. यंत्रशाळेत हे महत्त्वाचं, कारण जुन्या सीएनसी कंट्रोलरशी बोलण्यासाठी कुणीतरी कधीतरी वेग मुद्दाम '१० हाफ डुप्लेक्स'वर बांधलेला असतो. नव्या ड्रायव्हरबरोबर तो 'ऑटो'वर जातो आणि मग दोष ड्रायव्हरवर येतो.

आता कोणती आयएनएफ फाइल हे शोधायचं. फोल्डरात ओईएम० , ओईएम१, ओईएम२ अशा डझनभर फाइली असतात, नावावरून काही कळत नाही. 'रन'मधून रेजएडिट हा रजिस्ट्री दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि त्यात 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास' असं जा. तिथे महिरपी कंसातल्या लांब नावांपैकी ४डी३६ई९७२ ने सुरू होणारं उघडा. शेवटचे तीन अंक नीट पाहा. ९७३, ९७४, ९७५ हे शेजारी वेगळे आहेत. आत ००००, ०००१ असे चार अंकी फोल्डर दिसतील. एकेकावर क्लिक करून 'ड्रायव्हर-डेस्क' या ओळीत आपल्या कार्डाचं नाव मिळेपर्यंत चला. त्याच यादीत 'इन्फ-पाथ' ही ओळ असते आणि तिच्यापुढे, समजा, ओईएम७ डॉट आयएनएफ. हवी ती हीच फाइल. रजिस्ट्रीत फक्त बघायचं आहे, बदलायचं काही नाही.

नाव 'ओईएम'ने सुरू होत नसेल, 'नेट'ने होत असेल, तर तो एक्सपीच्या सीडीबरोबर आलेला ड्रायव्हर आहे. त्याला हात लावू नका; त्याची फाइल पुसलीत तर विंडोजची फाइल-राखण ती परत आणून ठेवते.

क्रम असा. कार्डाच्या कंपनीचा प्रोग्रॅम 'अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स'मध्ये असेल तर आधी तो काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड अनइन्स्टॉल करा, वर सांगितलेल्या पद्धतीने त्याच्या फिकट प्रतीही. रीस्टार्ट न करता आयएनएफ फोल्डरातून ओईएम७ची आयएनएफ आणि त्याच नावाची पीएनएफ, अशा दोन्ही फाइली दुसऱ्या फोल्डरात हलवा. पुसू नका, एकाच कंपनीच्या दोन कार्डांना कधी कधी एकच आयएनएफ पुरते, आणि चूक झाली तर ती परत ठेवता येते. मग रीस्टार्ट.

नवं हार्डवेअर मिळाल्याचा विझार्ड आला की विंडोज अपडेटला 'नो, नॉट धिस टाइम' सांगा, 'इन्स्टॉल फ्रॉम अ लिस्ट' निवडा, पुढच्या पानावर 'डोन्ट सर्च', आणि मग 'हॅव डिस्क' दाबून पेनड्राइव्हवरची आयएनएफ दाखवा. शोधायचं काम एक्सपीवर सोपवलंत की ते पुन्हा आपल्या आवडत्या ड्रायव्हरकडे जाणार. एवढं करून 'कोड १०' राहिलाच तर ड्रायव्हरच्या मागे लागणं सोडा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला, तिथेही तेच झालं तर कार्ड बदला.

प्र. विंडोज ७ वरही हेच सगळं करावं लागतं का?
– महाविद्यालयीन प्रयोगशाळा साहाय्यक, लातूर

उ. नाही, इथे सोपं आहे. अनइन्स्टॉल करताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस' असा चौकोन येतो, त्यात खूण करा. पूर्वी बसवलेल्या आवृत्त्या तरीही शिल्लक राहतात. त्यासाठी काळी खिडकी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. 'पीएनपीयुटिल', जागा, वजाचं चिन्ह आणि ई दिलं की बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांची यादी येते, प्रत्येकाचं ओईएम नाव, कंपनी, वर्ग आणि तारखेसह. नको असलेल्याचं नाव वजा-डी नंतर द्या. तो वापरात असेल तर विंडोज नकार देतं. वजा-एफ जोडून जबरदस्ती करता येते, पण आधी कार्ड अनइन्स्टॉल करणं बरं. 'ड्रायव्हरस्टोअर'मधले फोल्डर हाताने उडवायचा मोह होतो. तसं केलं तर यादीत नाव राहतं आणि फाइल नसते, आणि ते निस्तरणं जास्त कटकटीचं.

प्र. जुना व्हीपीएन प्रोग्रॅम काढला, पण त्याचा 'मिनीपोर्ट' एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये तसाच आहे. काढायला गेलं की 'संगणक सुरू होण्यासाठी हे उपकरण लागत असेल' असं सांगून नकार मिळतो.
– लेखापाल, अकोला

उ. संदेश दिशाभूल करणारा आहे. तो मिनीपोर्ट म्हणजे कार्ड नव्हे, तुमच्या कार्डावर चढवलेला एक थर आहे, आणि तो खालून ओढून निघत नाही. 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये लॅनच्या 'प्रॉपर्टीज' उघडा. यादीत त्या प्रोग्रॅमचं नाव अजून असेल; ते निवडून तिथलंच 'अनइन्स्टॉल' बटण दाबा, मिनीपोर्ट त्याच्याबरोबर जाईल. यादीत नाव नसेल तर तीच आवृत्ती पुन्हा बसवून रीतसर काढणं हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग.

त्यानंतर कार्ड चालू दिसूनही इंटरनेट मिळत नसेल, तर काळ्या खिडकीत 'नेटश विन्सॉक रीसेट' ही आज्ञा द्या आणि रीस्टार्ट करा. ती सर्व्हिस पॅक २ पासून पुढेच चालते. एक्सपीत टीसीपी/आयपीचं 'अनइन्स्टॉल' बटण फिकट असतं, तो बिघाड नव्हे. तो भाग काढता येत नाही, फक्त 'नेटश इंट आयपी रीसेट' आणि पुढे एका लॉग फाइलचं नाव देऊन मूळपदावर आणता येतो. त्यात हाताने दिलेला आयपी पत्ता पुसला जातो, आधी लिहून घ्या.

प्र. आमच्या सॉफ्टवेअरचा परवाना कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाला) बांधलेला आहे. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला तर परवाना जाईल का?
– वास्तुविशारद कार्यालय, पणजी

उ. मॅक पत्ता कार्डावरच्या चिपमध्ये असतो, ड्रायव्हरमध्ये नाही. त्यामुळे नाही. अपवाद एकच : 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' या ओळीत आधी कुणी वेगळा पत्ता भरला असेल, तर तो कार्डाच्या नोंदीबरोबर पुसला जाईल आणि मूळ पत्ता वर येईल. तिथे बारा अक्षरं भरलेली दिसली तर ती उतरवून ठेवा आणि नवा ड्रायव्हर बसल्यावर तीच परत भरा.