बुलेटच्या कार्बोरेटरसाठी जेट किट कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१५ ची कार्बोरेटरवाली क्लासिक ३५०, वापर रत्नागिरीत. सायलेन्सर बदलून मोकळा बसवलाय, एअर फिल्टरचा डबा मूळचाच आहे. मूठ सोडली की फटाके वाजतात, साधारण अर्ध्या मुठीला गाडी अडखळते, आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला आलं की तीच गाडी बरी चालते. दुकानदार मोठ्या मेन जेटचं (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं पितळी भोक) ‘स्टेज वन’ किट, म्हणजे बदली जेटांचा संच, घ्या म्हणतो. ते घ्यावं की बाहेरून महागडं मागवावं?

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो आणि कार्बोरेटर हे माझं आवडतं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आत्ता कोणतंच किट घेऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारींशी मेन जेटचा संबंध जवळजवळ नाही.

मूठ किती पिळली आहे त्यावर पेट्रोल कुठून येणार हे ठरतं. मूठ बंद असताना आणि पहिल्या पाव भागापर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू काम करतात. पाव ते पाऊण या मोठ्या पट्ट्यात नीडल म्हणजे सुई आणि ती ज्या नळीत सरकते ती नळी. मेन जेटचा खरा अंमल त्याच्या पुढे, मूठ पूर्ण पिळल्यावर. सीमारेषा काटेकोर नसतात, एकाचा असर दुसऱ्यात मिसळतो, पण रोजच्या वापरात गाडी बहुतेक वेळ सुईवरच चालते. तुमचे फटाके मूठ सोडल्यावर वाजतात, म्हणजे पायलटच्या हद्दीत. अडखळणं अर्ध्या मुठीला, म्हणजे सुईच्या हद्दीत. दुकानदार बदलायला सांगतोय मेन जेट. तो बदललात तर फटाके तसेच राहतील आणि मूठ पूर्ण पिळल्यावर गाडी काळा धूर टाकायला लागेल.

आता घाटाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि त्याच जेटने मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. साधारण हजार मीटरला पाच टक्क्यांचा फरक धरा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे इथे तुमचं मिश्रण रत्नागिरीपेक्षा तीनेक टक्के रिच. एवढ्या फरकाने गाडी सुधारते याचा अर्थ खाली किनाऱ्यावर ती लीन चालते, पेट्रोल कमी पडतं. रिच असती तर इथे आल्यावर आणखी दबली असती.

लीन का झाली? सायलेन्सर हे एक कारण. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण पंपावर आहे. तुमची गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल फारच थोडं असायचं, आता २० टक्के असतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो भोकाच्या मापाने सोडत राहतो, आणि गाडीला हात न लावता ती सातेक टक्के लीन होते. सध्या माझ्याकडे ‘सायलेन्सर मूळचाच आहे, तरी फटाके वाजतात’ म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा हेच सापडतं. म्हणून ‘सायलेन्सर बदलला नसेल तर जेटला हात लावू नका’ हा जुना सल्ला आता मी देत नाही.

तरीही जेट बदलण्याआधी गाडी निरोगी आहे याची खात्री करा. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला रबरी जोड चिरला असेल तर तिथून हवा आत जाते आणि लक्षणं हुबेहूब लीन जेटसारखी दिसतात. गाडी स्लोवर, म्हणजे मूठ सोडून उभ्या जागी चालू ठेवून, त्या जोडावर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. रेस बदलली तर जोड गळतोय. हे इंजिन गार असताना, चालू केल्या केल्या करा, तापलेल्या सायलेन्सरजवळ फवारा मारू नका. सायलेन्सर बदलताना हेडजवळची गॅस्केट नवीन घातली होती का तेही बघा. जुनीच दाबून बसवली असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि फटाक्यांचं सगळ्यात सोपं कारण तेच असतं. हेडच्या एक्झॉस्टकडे धूर कमी करण्यासाठी हवेची नळी जात असेल तर तिचा व्हॉल्व्हही तपासून घ्या. टॅपेटची मात्र काळजी नको, या इंजिनात ते हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबाने आपोआप जुळतात.

मग कार्बोरेटर उघडा. तुमचा बीएस २९ आहे, व्हॅक्यूमवर स्लाइड, म्हणजे सुई धरणारा सरकता दट्ट्या, उचलणारा. वरच्या झाकणाखालचा काळा रबरी डायफ्राम उजेडासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी स्लाइड पूर्ण उचलत नाही आणि गाडी मध्यावर अडकते. इथेनॉलमुळे जुनी रबरं फुगतात, कडक होतात. ओ-रिंगा आणि फ्लोटच्या व्हॉल्व्हचं टोक संशयाने तपासा. खालच्या वाटीत पांढरी पूड साचली असेल तर ती पाण्याची करामत. इथेनॉल ओलावा धरतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी हे हमखास दाखवते. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, ते थोडं बुजलं तरी गाडी लीन. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरे. आणि बाजूला लावलेल्या थ्रॉटल सेन्सरचे स्क्रू सैल करू नका, त्याची जागा हलली तर इग्निशनचं टायमिंग बिघडतं.

हे सगळं ठीक निघालं तर आता जेटकडे या. मुठीवर कागदी चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा. इंजिन पुरतं तापल्यावर, रिकाम्या रस्त्यावर, जिथे अडखळते तिथे मूठ धरून ठेवा आणि चोक किंचित ओढा. गाडी सावरली तर लीन, आणखी दबली तर रिच. प्लगच्या रंगावर फार विसंबू नका, आजच्या पेट्रोलने चांगल्या मिश्रणातही प्लग फिकटच दिसतो.

स्लोपासून सुरुवात करा. या कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की रिच. (जुन्या बुलेटच्या किंवा आरएक्स १०० च्या व्हीएम, म्हणजे मुठीच्या तारेने स्लाइड उचलणाऱ्या, कार्बोरेटरमध्ये तो हवेचा असतो, तिथे उलटं. यात माणसं नेहमी फसतात.) आधी तो हलकेच पूर्ण आत घेऊन मूळचे फेरे मोजून लिहून ठेवा. मग अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढत जा आणि स्लो सगळ्यात स्थिर होईल तिथे थांबा. तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर पायलट जेट लहान पडतोय, एक माप मोठा घाला. तुमच्या फटाक्यांचा निकाल बहुधा इथेच लागेल.

अर्ध्या मुठीचं अडखळणं सुईचं. सुईवर खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली बसवा, सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. कारखान्यातून आलेल्या सुईला बऱ्याचदा खाचाच नसतात. तेव्हा तिच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घातला की तेच काम होतं. महागड्या किटमध्ये खाचांची सुई मिळते, तिचा मुख्य फायदा हाच. मेन जेट शेवटी, आणि मूठ पूर्ण पिळून चाचणी घेतल्यावर लीन वाटलं तरच. एका वेळी एक पायरी मोठा, फार तर दोन. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

सुटे जेट घेताना जुना सोबत न्या. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्यांचे आकडे सारखे दिसले तरी माप वेगळं असतं. मिकुनीच्याही षट्कोनी डोक्याच्या आणि गोल जेटचे आकडे एकाच पद्धतीचे नाहीत. किट बनवणाऱ्या डायनोजेट कंपनीची मोजणी तर स्वतःची आहे. म्हणून ‘अमक्याने १२० घातला’ हे ऐकून १२० घालू नका. नक्कल जेटवर आकडा सुबक कोरलेला असतो, पण भोकाच्या कडेला धातूची कुसळं राहिलेली असतात. भिंग लावून बघा.

किट केव्हा घ्यावं? त्याच मॉडेलसाठी, गाडी डायनो म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनवर चालवून तयार केलेलं असेल तर ते खरंच मोलाचं असतं. त्यात सुईचा उतार वेगळा असतो, काहींत स्लाइडची स्प्रिंग आणि स्लाइडचं भोक वाढवायचा ड्रिलही येतो. चार कार्बोरेटर असलेल्या मोठ्या जपानी गाडीला मी तेच सुचवीन. पण ‘सर्व बुलेटसाठी’ असं लिहिलेलं पाकीट म्हणजे चार-पाच जेटांची पुडी, त्याला किट म्हणू नये. आणि स्लाइडला ड्रिल लावलं की परत फिरता येत नाही.

एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावायचा विचार असेल तर सोडून द्या. या कार्बोरेटरची स्लाइड हवेच्या दाबातल्या फरकावर उचलते, डबा गेला की तो हिशोब विस्कटतो आणि मधल्या रेसचा दम जातो. वीसेक अश्वशक्तीच्या इंजिनात वर मिळून मिळून काय मिळणार? सायलेन्सरबद्दलही सांगतो, आवाज मोठा असेल तर मूळचा परत लावा. दंड होतो, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या आवाजाचा खरोखर त्रास होतो. मूळच्या सायलेन्सरवरही नव्या पेट्रोलसाठी पायलट आणि सुईचं हे काम करावं लागेलच, ते वाया जाणार नाही. काम झाल्यावर पीयूसी करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मिश्रण किती रिच झालं ते सांगतो.

कार्बोरेटर उघडलात की दोन्ही जेटवरचे आकडे, सुईला खाचा आहेत की नाहीत, आणि स्क्रू किती फेरे बाहेर होता एवढं इथे लिहा. पायलटचं पुढचं माप कोणतं मागायचं ते सांगतो.